आजीच्या कपाटातली कटग्लास: तिचं खरं वय कसं काढायचं

तुमचा प्रश्न असा: आजीच्या पश्चात तुमच्याकडे कटग्लासची, म्हणजे चाकावर नक्षी कापलेल्या काचेची, बुचासकट एक सुरई (डिकँटर), सहा पेले, एक जड वाडगा आणि चांदीची गळपट्टी असलेला एक जग आला. घरात सांगितलं जातं की हा सगळा संच दोनशे वर्षांचा आहे आणि आयर्लंडमधल्या वॉटरफर्डचा आहे. नाव मात्र कुठंच सापडत नाही. हे खरं मानायचं का, आणि घरच्या घरी काय तपासता येईल?

मी तीसेक वर्षं जुनी काच हाताळते आहे. फोटो पाहून वय सांगायचं मी टाळते, कारण कटग्लासचं वय डोळ्यांच्या आधी बोटांना कळतं. म्हणून तुम्ही स्वतः काय काय करून पाहायचं तेच सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी 'संच' हा शब्द बाजूला ठेवा. कपाट एक म्हणून काच एक, असं होत नाही. पेले फुटतात, दुसरे आणले जातात, लग्नात मिळालेला वाडगा त्याच फळीवर जाऊन बसतो आणि दोन पिढ्यांनंतर सगळंच 'पणजीचं' होतं. सुरई, वाडगा, जग या स्वतंत्र वस्तू समजा. सहा पेलेसुद्धा एक-एक करून तपासा, कारण सहांतले दोन नंतर जोडलेले निघणं अगदी नेहमीचं आहे.

दुसरं, मनाशी एक नियम पक्का करा. वस्तूवर दिसणारी सर्वांत नवी गोष्ट तिचं वय ठरवते, सर्वांत जुनी नव्हे. सुरईचा आकार १८१० सालचा असेल, नक्षी १८२० सालची असेल, पण तिची झळाळी आम्लात बुडवून आणलेली असेल तर ती सुरई विसाव्या शतकाच्या आसपासचीच. त्या दोन जुन्या गोष्टी तिला एक दिवसही मागे नेत नाहीत. नक्षीवरून वय सांगणारे लोक इथेच फसतात. वॉटरफर्डचंच पाहा. तिथला जुना कारखाना जॉर्ज आणि विल्यम पेनरोझ यांनी १७८३ मध्ये काढला आणि तो १८५१ मध्ये बंद पडला. नवा कारखाना उभा राहिला थेट १९४७ मध्ये. नव्या कारखान्याचे मुख्य डिझायनर मिरोस्लाव्ह हॅवेल हे चेक गृहस्थ. त्यांनी डब्लिनच्या राष्ट्रीय संग्रहालयातली जुनी आयरिश काच बारकाईने अभ्यासली आणि तिच्यावरून नव्या नक्ष्या बसवल्या. त्यांची 'लिस्मोर' ही प्रसिद्ध नक्षी १९५२ची. म्हणजे जुन्या वळणाची नक्षी, चोख हातकाम, शिसं घातलेली जातिवंत काच, आणि वय साठ-सत्तर वर्षं. यात फसवणूक कुणाचीच नाही, नक्षीचा वारसा पुढे चालतो इतकंच. पण एक गोष्ट यातून हाती लागते. १८५१ ते १९४७ या शहाण्णव वर्षांत वॉटरफर्डला कारखानाच नव्हता. 'पणजोबांनी १९००च्या सुमारास वॉटरफर्डहून नवीन मागवलेली' अशी आठवण घरात असेल, तर तिथे काहीतरी गल्लत आहे.

आता हात लावू या. पहिला प्रश्न: काच चाकावर कापलेली आहे, की साच्यात दाबून काढलेली? दाबकाचेचं तंत्र अमेरिकेत १८२०च्या दशकात रूढ झालं आणि कटग्लासची नक्कल हाच तिचा मोठा धंदा होता. बोटाचं टोक नक्षीच्या कंगोऱ्यांवरून हलकेच फिरवा. चाकाने पाडलेल्या पैलूच्या धारा तीक्ष्ण लागतात, जवळजवळ बोचतात. दाबकाचेत त्याच जागी धार किंचित गोलसर, चघळलेल्या गोळीसारखी लागते. मग भिंग घेऊन साच्याची जोड-रेघ शोधा. ती काठापासून बुडापर्यंत उभी उतरते, बहुधा नक्षीच्या कडेत लपवलेली असते आणि दोन, तीन किंवा चार ठिकाणी सारख्या अंतरावर सापडते. आणखी एक खूण मला फार विश्वासाची वाटते, ती म्हणजे चुका. हाताने कापलेल्या ताऱ्याच्या रेघा मध्यभागी तंतोतंत एकत्र येत नाहीत. एखादी केसभर पुढे जाते, एखादी अलीकडे थांबते. चौकटींची शेवटची रांग थोडी आखूड किंवा लांब होते, कारण वर्तुळ पूर्ण करताना कारागिराला जागा जुळवून घ्यावी लागली. साच्यात मात्र प्रत्येक घर दुसऱ्यासारखंच.

मधली एक जातही असते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून अमेरिकेत ठळक नक्षी साच्यातच उमटवलेले कच्चे नग तयार होऊ लागले. कारागीर मोठ्या खाचा चाकावर फक्त साफ करायचा आणि बारीक रेघा तेवढ्या हाताने कापायचा. तुमच्या वाडग्यात मोठ्या खाचा गुळगुळीत, गोलसर आणि बारीक रेघा धारदार असा फरक जाणवला, तर हीच जात समजा. साच्यात फुंकलेल्या नगाची आणखी एक खूण आतून लागते. आतल्या बाजूने बोट फिरवलं की बाहेरच्या खाचांच्या जागी हलके उंचवटे जाणवतात. पूर्ण हाताने कापलेल्या भांड्याची आतली बाजू सपाट असते.

दुसरा प्रश्न शिशाचा. लंडनच्या जॉर्ज रेव्हन्सक्रॉफ्टने १६७४ मध्ये नव्या स्फटिकासारख्या काचेचं पेटंट घेतलं आणि पुढच्या काही वर्षांत त्या काचेत शिशाचं ऑक्साइड घालणं स्थिरावलं. ही काच जड, मऊ आणि प्रकाश मोडणारी, त्यामुळे पैलू पाडायला उत्तम. ब्रिटन-आयर्लंडची जुनी चांगली कटग्लास बहुतेक शिशाचीच आहे, अमेरिकेचीही. बोहेमियातली, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातली, जुनी काच मात्र पोटॅश आणि चुन्याची. तिच्यात शिसं नाही, म्हणून ती हलक्या दर्जाची असं मुळीच नाही.

टिचकी मारून नाद ऐकण्याची पद्धत सगळ्यांना माहीत असते. पातळ काठाचा पेला बुडाशी धरून टिचकी मारली आणि नाद लांबत गेला, तर शिसं असण्याची शक्यता जास्त. पण सुरई, जाड वाडगा, अरुंद तोंडाचा जग हे शिशाचे असूनही 'ठक्क' वाजतात. त्यामुळे नाद आला नाही म्हणून निराश होऊ नका.

त्यापेक्षा घनता काढा, काम सोपं आहे. पेला कोरडा करून वजन करा. समजा २४० ग्रॅम भरलं. आता वजनकाट्यावर पाण्याने अर्धं भरलेलं मोठं पातेलं ठेवा आणि आकडा शून्यावर आणा. पेला मजबूत दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडवा. तो पातेल्याच्या तळाला किंवा कडेला टेकता कामा नये, आत हवेचा बुडबुडा राहता कामा नये. काट्यावर जो आकडा येईल तितकं पाणी त्याने बाजूला सारलं. आकडा ८० आला तर २४० भागिले ८०, म्हणजे घनता ३.०. ही भरपूर शिशाची काच. आकडा ९६च्या आसपास आला तर घनता २.५, म्हणजे सोड्याची किंवा पोटॅशची साधी काच. युरोपात १९६९पासून जे नियम आहेत त्यांत २४ टक्के शिशाच्या काचेला किमान २.९० आणि ३० टक्के शिशाच्या काचेला किमान ३.०० घनता लागते, त्यावरून हे आकडे ताडून पाहता येतात. सहाही पेल्यांवर हा प्रयोग करा. चार ३.०५ आणि दोन २.९१ आले, तर ते दोन पेले वेगळ्या भट्टीतून आलेत हे डोळ्यांना न दिसताही कळेल. अतिनील दिव्याने काच तपासणारेही असतात. जुन्या काचेचा मूळ रंग घालवण्यासाठी घातलेल्या मँगनीजमुळे फिकट हिरवट झाक दिसते खरी, पण दिवा, काच आणि खोलीतला अंधार यांप्रमाणे ती इतकी बदलते की एकट्या त्या पुराव्यावर मी निर्णय देत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाची परीक्षा: झळाळी. इथे घाई करू नका.

जुना कारागीर नक्षी तीन टप्प्यांत पाडायचा. पहिल्यांदा लोखंडी चाक, त्यावर वरून ठिबकणारी ओली वाळू. यात मोठ्या खाचा खरबरीत पडायच्या. मग बारीक कणाचं दगडी चाक, त्यावर फक्त पाणी. यात खाच सारखी व्हायची, पण धुरकट राहायची. शेवटी लाकडी चाक, त्यावर प्युमिस (ज्वालामुखीचा सच्छिद्र दगड) आणि कथिलाच्या राखेसारख्या बारीक भुकट्या. एकेक खाच, एकेक पैलू असा हाताने धरून चमकवायचा. हे शेवटचं काम फार वेळखाऊ होतं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याला पर्याय आला. हायड्रोफ्लोरिक आणि सल्फ्युरिक आम्लाच्या मिश्रणात पूर्ण वस्तू बुडवायची, की पृष्ठभागाचा अतिसूक्ष्म थर विरघळून सगळं एकदम चकाकतं. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत ही पद्धत सर्वत्र पसरली.

दोन्हींतला फरक दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगाने दिसतो. खिडकीशी उभं राहा, वस्तू तिरपी धरा आणि एकाच खाचेत पाहा. लाकडी चाकाने चमकवलेल्या खाचेत तिच्या लांबीबरोबर जाणाऱ्या केसाहून बारीक समांतर रेघा दिसतात, पैलू अगदी सपाट असतो आणि दोन पैलू भेटतात ती धार ताजी. कुठे तरी कोपऱ्यात, चाक पोहोचू शकलं नाही तिथे, धुरकट ठिपका राहून गेलेला असतो. तो ठिपका पाहिला की मला आनंद होतो. आम्लाच्या झळाळीत सगळीकडे एकसारखी, ओलसर वाटणारी चमक असते, पैलू किंचित लाटांचा, धारा जराशा वितळल्यासारख्या, आणि खोल कोपरेसुद्धा तितकेच लखलखीत. नव्या काळातल्या हिरकणीच्या चाकाने कापलेल्या स्वस्त मालात याच्या उलट दिसतं: खाचेत जाड, एकसारख्या, ग्रामोफोनच्या तबकडीसारख्या रेघा आणि त्यांच्यावर आम्लाची चमक.

माझ्या सुरुवातीच्या वर्षांतली एक चूक सांगते. गळ्याला तीन कडी, छत्रीसारखं बूच, खांद्यावर पैलू, अशी एक सुरई माझ्याकडे आली. आकार इतका निःसंशय होता की मी कागदावर 'सुमारे १८१०' लिहून दिलं. महिन्याभराने तीच सुरई दुसऱ्या कामासाठी परत आली आणि तेव्हा निवांतपणे भिंगाखाली पाहिली. धारा मऊ, कोपरे लखलखीत, आणि बुडाच्या ताऱ्याच्या दोन किरणांमध्ये आम्लाने उमटवलेल्या, अर्धवट झिजलेल्या 'मेड इन इंग्लंड' या अक्षरांचा तुकडा. मालकांना फोन करून कागद परत मागवला. आकार आधी पाहिला म्हणून डोळ्यांनी पुढचं पाहिलंच नाही. तेव्हापासून मी प्रत्येक वस्तू आधी उलटी धरते आणि तपासणी बुडापासून सुरू करते.

तुम्हीही तसंच करा. काच फुंकताना ती शेवटी एका लोखंडी सळईवर, पोंटिलवर, धरलेली असते आणि तोडून घेतल्यावर बुडाच्या मध्यभागी खडबडीत व्रण राहतो. अठराव्या शतकातल्या पेल्यांत तो व्रण तसाच सोडलेला असे आणि टेबलाला लागू नये म्हणून पायथा मध्ये उंच, शंकूसारखा असे. त्या शतकाच्या शेवटापासून व्रण घासून तिथे गुळगुळीत वाटीसारखी खळगी करण्याची रीत वाढली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पायथा चिमट्यासारख्या साधनात धरू लागले, मग व्रण पडेचना. म्हणून पेल्याखाली काहीच नसलं तर तो त्याआधीचा असण्याची शक्यता कमी. खळगी असली तर मात्र तो जुनाच असं उलट म्हणता येत नाही, खळगी आजही पाडतात. सुरई आणि वाडग्याखाली तारा कापलेला असला तर व्रण त्यातच गेलेला असतो.

बुडावरची झीज पाहा. शंभर वर्षं टेबलावर उचल-ठेव झालेल्या वस्तूच्या टेकणाऱ्या कडेवर असंख्य बारीक ओरखडे असतात, सगळ्या दिशांना जाणारे, आणि फक्त जिथे बूड खरोखर टेकतं तिथेच. काळ्या कापडावर बूड ठेवून टेकणारी कड कोणती ते आधी बघा, मग भिंग लावा. ओरखडे एकाच दिशेचे किंवा एकसारखे वर्तुळाकार असतील, खोलगट भागातही असतील, तर ते घासकागदाचे. अर्थात कपाटातून न निघालेल्या वस्तूवर झीज कमीच असणार, त्यामुळे ओरखड्यांची कमतरता एवढ्याने काही सिद्ध होत नाही.

आकार आणि नक्षीकडे आता जाऊ, आणि ते समजायला थोडा इतिहास हवा. ब्रिटनने १७४५ मध्ये काचेच्या कच्च्या मालावर वजनाने कर बसवला, १७७७ मध्ये तो दुप्पट केला. वजनाला कर म्हटल्यावर काच पातळ झाली आणि पातळ काचेवर खोल पैलू कसे पाडणार? म्हणून अठराव्या शतकातली इंग्रजी कापणी उथळ, सपाट, आवरती असते. आयर्लंडला हा कर नव्हता. १७८० मध्ये आयरिश काचेला निर्यातीचीही मोकळीक मिळाली, तेव्हा इंग्लंडमधलं भांडवल आणि कारागीर तिकडे गेले. वॉटरफर्डचा १७८३चा कारखाना त्यातूनच, इंग्लंडमधल्या स्टाउरब्रिजहून आलेल्या कारागिरांच्या जोरावर उभा राहिला. जाड, जड, खोल हिऱ्याच्या चौकटींची काच तिथे फुलली. त्यात वाफेवर चालणारी चाकं आली आणि खोल कापणी आणखी सोपी झाली. १८२५ मध्ये आयर्लंडलाही कर लागला आणि तिथले कारखाने हळूहळू विझत गेले. ब्रिटनमध्ये कर उठला तो १८४५ मध्ये.

या येण्याजाण्यामुळे त्या काळातली इंग्रजी आणि आयरिश काच एकाच हाताची, एकाच कृतीची आहे. नाव नसेल तर दोन्ही वेगळी सांगता येत नाहीत, म्हणून जाणकार 'अँग्लो-आयरिश' एवढंच लिहितात. तुमच्या सुरईबद्दल कुणी 'निळसर झाक आहे, म्हणजे वॉटरफर्ड' असं सांगितलं तर ते सोडून द्या. ही समजूत जुनी आहे आणि चूक आहे. जुन्या वॉटरफर्डची खरी खात्री देणारी वस्तू एकच: बुडाखाली साच्यातून उठावदार अक्षरांत आलेलं 'पेनरोझ वॉटरफर्ड' हे नाव. आयर्लंडमधल्याच कॉर्क शहरातल्या कारखान्याच्या सुरयांवरही त्यांचं नाव असंच असे. अशा सुरया फार जड नसतात, त्यांच्या बुडाशी साच्यातूनच आलेल्या छोट्या उभ्या पट्ट्या असतात. त्यांच्या नकलाही झाल्या आहेत, तेव्हा नाव दिसलं तरी बाकीच्या परीक्षा सोडू नका.

सुरईचे आकार ढोबळ मानाने असे बदलत गेले. १७७०च्या आसपास खांदे उतरते आणि अंग निमुळतं. १७९० ते १८२० या काळात बसकं, रुंद अंग, गळ्याला दोन-तीन कडी आणि छत्रीसारखं बूच. १८३०-४०मध्ये सरळ नळकांड्यासारखं अंग आणि त्यावर रुंद, उभ्या पट्ट्या. शतकाच्या मध्यानंतर गोल घागरीसारखं अंग, उंच गळा आणि पैलूदार गोळ्याचं बूच. हे आकार नंतर पुन्हा पुन्हा काढले गेले, म्हणून यातून 'याआधीची नसावी' एवढंच कळतं.

बूच आणि सुरई एकमेकांची आहेत का, हे मात्र नक्की कळतं. चांगल्या सुरईचं बूच तिच्याच गळ्यात फिरवून घासलेलं असतं, दुसऱ्या गळ्यात ते डुगडुगतं किंवा वर राहतं. पुष्कळदा बुचाच्या खुंटीवर आणि गळ्याच्या काठावर दोन-तीन अंकांचा एकच आकडा कोरलेला सापडतो. कारखान्यात शेकडो बुचांची सरमिसळ होऊ नये म्हणून तो टाकलेला. तो इतका पुसट असतो की श्वास सोडून धुकं आणलं तरच दिसतो. आकडे जुळले तर जोडी मूळची.

तुमचा वाडगा 'जड' आहे असं तुम्ही लिहिलंत. एक सेंटिमीटरच्या आसपास जाडी, काठाला दात, आणि मोकळी जागा शिल्लक न ठेवता सगळीकडे पंख, जाळी आणि अनेक टोकांचे उठावदार तारे अशी गर्दी असेल, तर आयर्लंड विसरा आणि अमेरिकेचा विचार करा. १८७६च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनापासून पहिल्या महायुद्धापर्यंत तिथे या भरगच्च कटग्लासचा बहर होता. टी. जी. हॉक्स यांच्या कॉर्निंगच्या कारखान्याने १८८२ मध्ये 'रशियन' नक्षीचं पेटंट घेतलं आणि ती पुढे व्हाइट हाउसच्या मेजावर गेली. टोलेडोच्या लिबी या काच-कंपनीने १८९३च्या शिकागो प्रदर्शनात चालता कारखानाच उभा केला होता. महायुद्धात शिसं दुसरीकडे लागलं, आवडही पालटली आणि बहर ओसरला. मला व्यक्तिशः ही सगळ्यात अद्भुत कटग्लास वाटते. एका वाडग्यामागे किती तास चाकाशी वाकून बसावं लागलं असेल, हे पैलूंच्या संख्येतच दिसतं.

पेल्यांना लाल किंवा निळा थर असून तो कापून खालची बिनरंगाची काच दाखवलेली असेल तर बोहेमियाकडे वळा. तिथे ही रंगीत कारागिरी १८३०-४०च्या दशकांत भरास आली, आणि तशा धर्तीचा माल आजही निघतो. इथेही झळाळी आणि बूडच उपयोगी पडतं.

आता नावं आणि शिक्के. 'नाव नाही' असं ठरवण्याआधी वस्तू कोमट पाण्याने धुऊन पूर्ण कोरडी करा, अंधाऱ्या खोलीत एका दिव्याखाली तिरपी धरा आणि सावकाश फिरवा. आम्लाने उमटवलेला शिक्का नखाएवढा किंवा त्याहून लहान, धुरकट राखाडी असतो, समोरून बघितला तर दिसतच नाही. अमेरिकन वाडग्यात तो बहुधा आत, तळाच्या मधल्या गुळगुळीत जागी असतो, जगात मुठीजवळ किंवा मुठीच्या वरच्या टोकाशी, पेल्यात पायथ्यावर. लिबीचा तलवारीसह नावाचा शिक्का १८९६पासूनचा. फ्रान्सच्या बाकाराचा कारखाना १७६४चा असला तरी काचेवर त्यांचा आम्लाचा शिक्का पडू लागला तो १९३६पासून, त्याआधी कागदी चिठ्ठ्या असत आणि त्या पहिल्याच धुण्यात जात. त्यामुळे नाव नसणं हे जुन्या काचेत नेहमीचं आहे. ब्रिटिश कारखान्यांचे आम्लाचे शिक्के बहुतेक विसाव्या शतकातले. म्हणजे शिक्का दिसला तर बहुधा वय कमी होतं, हे ऐकायला बरं वाटत नाही पण खरं आहे. रबरी ठशाने नामांकित कारखान्यांचे खोटे शिक्के मारलेलेही भेटतात, कारण आम्ल कुणालाही मिळतं.

देशाचं नाव हा मात्र चांगला पुरावा. १८९१पासून अमेरिकेत येणाऱ्या मालावर मूळ देशाचं नाव लागू लागलं. 'चेकोस्लोव्हाकिया' लिहिलं असेल तर १९१८ ते १९९२ यांच्या दरम्यानची वस्तू. ब्रिटिश दाबकाचेवर पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराचा नोंदणी-शिक्का १८४२ ते १८८३ यांतला असतो आणि त्याच्या वरच्या गोलात काचेचा वर्ग दाखवणारा रोमन तीन असतो. १८८४पासून त्याऐवजी 'आर डी' (म्हणजे 'रजिस्टर्ड', नोंदलेला) आणि आकडा. १९००पर्यंत हे आकडे साडेतीन लाखांच्या आसपास पोहोचले होते. ही तारीख नमुन्याच्या नोंदणीची आहे. वस्तू त्यानंतर कितीतरी वर्षांनी बनलेली असू शकते.

तुमच्या चार वस्तूंत सर्वांत बोलकी असणार ती जगाची चांदीची गळपट्टी. ब्रिटिश चांदी असेल तर तिच्यावर चालता सिंह, शहराची खूण (लंडनचा बिबट्याचा चेहरा, बर्मिंगहॅमचा जहाजाचा नांगर, शेफील्डचा १९७४पर्यंतचा मुकुट) आणि वर्षाचं अक्षर असतं. अक्षराचं वळण आणि त्याभोवतीच्या ढालीचा आकार दोन्ही जुळवले की नेमकं वर्ष मिळतं. राजा किंवा राणीचं मुंडकं असेल तर १७८४ ते १८९० यांतली चांदी. 'ई पी एन एस' असेल तर ती चांदी नाही, विजेने चढवलेला मुलामा आहे, आणि त्या पद्धतीचं एल्किंग्टन यांचं पेटंट १८४०चं आहे. फक्त पट्टी मूळची आहे ना, हे पाहा. पट्टीची कड आणि काचेचा उतार एकमेकांत बसलेले हवेत, मधून ताजं पांढरं प्लास्टर डोकावत असेल तर ती काढून पुन्हा बसवलेली आहे.

जगाच्या मुठीकडेही पाहा. साधारण १८६०-७०पर्यंत मूठ आधी वरच्या टोकाला चिकटवून खाली ओढत, म्हणून ती वर जाड आणि खाली बारीक होत जाते, शेवटी बहुधा शेपटासारखी वळते. नंतर ती आधी खाली चिकटवून वर नेऊ लागले, तेव्हा जाड भाग खाली गेला. पट्टीवरचं वर्ष आणि मुठीची ठेवण जुळली तर तुमच्याकडे एका वस्तूचा तरी पक्का दाखला झाला.

दुरुस्तीची फसवणूक काठावर असते. टवका उडालेला काठ घासून खाली आणला की नक्षी काठाशी अर्धवट तुटते, दात बुटके होतात, सहा पेल्यांत एकाची उंची दोन-तीन मिलिमीटरने कमी भरते. सगळे पेले उलटे करून सपाट काचेवर शेजारी शेजारी ठेवा, फरक लगेच दिसेल. सुरई आतून धुरकट असेल तर ती कोरडी असतानाच तपासा. पाण्याने किंवा तेलाचा हात फिरवल्याने धुरकटपणा लपतो आणि विकणारे काही जण तेच करतात. व्हिनेगर घालून रात्रभर ठेवल्यावर गेला तर तो पाण्याचा क्षार होता, नाही गेला तर काचच कुरतडली गेली आहे. घरात वाळू, तारेचा ब्रश किंवा तीव्र आम्ल मुळीच वापरू नका. भांडी धुण्याच्या यंत्रात यांतलं काहीही घालू नका, आणि थंड भांड्यात गरम पाणी ओतू नका, जाड-पातळ कापणीमुळे तडा नेमका खाचेत जातो.

शेवटची गोष्ट आरोग्याची आहे आणि ती मी प्रत्येकाला सांगते. शिशाच्या काचेतून शिसं हळूहळू द्रवात उतरतं. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९१ मध्ये पोर्ट वाइन शिशाच्या सुरयांत ठेवून पाहिली. सुरुवातीला लिटरमागे ८९ मायक्रोग्रॅम असलेलं शिसं चार महिन्यांत एका सुरईत ५,००० मायक्रोग्रॅमच्या वर गेलं. जेवणाच्या वेळेपुरतं ओतून प्यायला हरकत नाही, पण सुरईत काहीही साठवून ठेवू नका. लोणचं, लिंबाचं सरबत, व्हिनेगर असे आंबट पदार्थ वाडग्यात राहू देऊ नका, आणि लहान मुलांना व गरोदर बाईला या पेल्यांतून काही देऊ नका.

तपासताना प्रत्येक वस्तूसाठी एक वेगळी चिठ्ठी करा: वजन, घनता, बुडाची खूण, झळाळी कोणती, बुचाचा आकडा, चांदीवरची अक्षरं. त्याच चिठ्ठीवर घरातली आठवणही लिहा, कुणी कुणाला कधी दिली ते, जशी सांगितली जाते तशी. ती वयाचा पुरावा नसली तरी एकदा विसरली की परत मिळत नाही. चिठ्ठी वस्तूला चिकटवू नका, पेटीत तिच्या शेजारी ठेवा. आणि बूच सुरईत घट्ट दाबून ठेवू नका, मऊ कापडात गुंडाळून वेगळं ठेवा, अडकलेलं बूच काढतानाच जुन्या सुरयांचे गळे फुटतात.